हे इंजिन कुणाचं

इंजिनात रुतलेला शेवटचा स्टड, आटे पाडलेली ती लोखंडी खुंटी, निघाला तेव्हा धाकटीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. कित्येक दिवस त्या गंजाशी झटापट चालली होती. रोज थोडं तेल, थोडी धग, थोडी मिनतवारी. आज तो सुटला. तिनं भोकातला चिखल कापसाच्या बोळ्यानं पुसला आणि सवयीनं इंची आट्यांचं माप आत घातलं. माप बसेना. तिनं दुसरं पान लावून पाहिलं, तिसरं लावलं. शेवटी मिलिमीटरच्या जुडग्यातलं एक पान काढून आत सरकवलं, आणि ते असं चपखल बसलं की तिला ते बघवेना.

शेडच्या मागच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते. रविवार म्हणून सगळे जमले होते. थोरले भाऊजी, म्हणजे तिचे मोठे दीर, सकाळीच टेम्पोतून दगड घेऊन आले होते. घडवलेला, घोटून गुळगुळीत केलेला, वर मोठ्या काकांचं नाव कोरलेलं. येत्या आठवड्यात धक्क्याच्या टोकाला चौथरा बांधून त्यावर हे इंजिन बसायचं होतं आणि चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला हा दगड.

मोठे काका म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांचे, बाबांचे, थोरले भाऊ. लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मोठ्या वादळात ते होडीसकट गेले. ना फळी हाती लागली, ना माणूस. मोठीआई तेव्हा विशीतली. माहेरी परत न जाता ती या घरात राहिली, आई नसलेल्या धाकट्या दिराला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, त्याच्या मुलांना न्हाऊमाखू घातलं. आणि आता ती ऐंशीला टेकली असताना एका मच्छीमाराच्या जाळ्यात हे धूड अडकून वर आलं. बाबा बघायला गेले. शिंपले आणि गंज चढलेल्या त्या ओझ्यावरून त्यांनी हात फिरवला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाकिटावरच्या पितळी ठिगळापाशी हात थांबला. "दादाचं इंजिन," एवढंच म्हणाले.

बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. जुनी बोटीची इंजिनं ओळखायची, कुठल्या साली, कुठल्या भट्टीत ओतलेली ते सांगायचं आणि पुन्हा जिवंत करायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. धाकटी लग्न होऊन आली ती लेथ मशीन शिकून. बाबांनी तिला हाताशी धरलं आणि आता लांबलांबचे लोक बाबांऐवजी तिलाच फोन करत. तिनंही या इंजिनावर शंका घेतली नव्हती. जात तीच, ताकद तीच, ठिगळ तिथंच. कशाला घ्यायची शंका?

ती उठली, तारेचा ब्रश घेऊन चाकाच्या कडेला भिडली. नंबर कुठं असतो ते तिला डोळे मिटूनही सापडलं असतं. खवले उडाले, काळं लोखंड दिसलं, मग एक आकडा, दुसरा, तिसरा. चौथा. आणि मग पाचवा.

"संपलं," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय संपलं?" दारातून बारक्या आत आला. तिच्या नवऱ्याला घरात सगळे अजून बारक्याच म्हणत, जरी शेडच्या दारातून येताना त्याला मान वाकवावी लागे. होड्या बांधायचा तो. इंजिनाखालच्या लाकडी बैठकीचं काम त्यानं जिवापाड केलं होतं. "जेवायला बोलावलंय. आणि हे काय तोंड केलंयस?"

"हे मोठ्या काकांचं इंजिन नाही."

बारक्या हसला. मग तिच्याकडे नीट बघून हसायचा थांबला.

"आटे मिलिमीटरचे आहेत," ती म्हणाली. "कारखान्यानं इंची आटे सोडले ते वादळानंतर चार-पाच वर्षांनी."

"अगं, स्टड बदलला असेल कुणीतरी."

"स्टड बदलतात रे. पण भोक इंजिनाच्या अंगातच, बीडाच्या ओतीव लोखंडात पाडलेलं आहे. ते कारखान्यातून निघालं तसंच आहे. आणि नंबर बघ. पाच आकडी. वादळ झालं तेव्हा कारखाना अजून चार आकड्यांतच होता. हे इंजिन तयार झालं तेव्हा काका जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती."

"मग ते ठिगळ?"

"या जातीची सगळी इंजिनं तिथंच गळतात. मीच किती ठिगळं लावलीत तिथं."

बारक्यानं बैठकीच्या लाकडावरून उगाचच हात फिरवला. काही बोलणार तेवढ्यात थोरले भाऊजी आणि नणंद, ताई, दोघंही आत आले. थोरल्यांचं बंदरात स्पेअर पार्टचं दुकान. घरातलं कुठलंही कार्य त्यांच्या पुढाकाराशिवाय पार पडत नसे. ताई शाळेत शिकवायची आणि घरातही तिचा आवाज शाळेतल्यासारखाच असे.

"किती वेळ? मोठीआई पानावर खोळंबलीय," ताई म्हणाली.

बारक्यानं सांगून टाकलं. बायकोला तरी दोनदा सांगायला लागू नये, असं त्याला वाटलं असावं.

थोरले आधी दारापाशी गेले आणि दार ओढून घेतलं. "हे बघ," ते धाकटीला म्हणाले, "तुझ्या हुशारीबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण हे आपल्या चौघांत राहू दे. धक्क्यावर कोण येऊन आटे मोजणार आहे?"

"लोकांचं मला काही नाही, भाऊजी. पण..."

"मोठीआईला पण-बिण काही सांगू नकोस तू," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मी लहान असल्यापासून मोठीआईच्या खोलीत झोपत आले. काकांबद्दल चकार शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. कुणी विषय काढला की उठून जायची. आणि हे इंजिन आल्यापासून बघतेयस ना? रोज दुपारी खुर्ची घेऊन इथं येते. काका इंजिनाच्या आवाजात बेसूर गायचे, झुरळाला घाबरून खाटेवर चढायचे... हे सगळं आम्हाला आत्ता कळतंय, आत्ता! ते तिच्याकडून काढून घ्यायचं? कशासाठी? आट्यांसाठी?"

धाकटीनं ब्रश खाली ठेवला. त्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या तिनंच. हातानं खवले काढत, कानानं ऐकत. मोठीआई कधीकधी बोलता बोलता इंजिनावर हात ठेवायची, जसा निजलेल्या माणसावर ठेवतात तसा.

"पण दगडावर नाव घालणार आहोत आपण," बारक्या हळूच म्हणाला. "खोटं लिहायचं म्हणजे..."

"तू गप रे! बायकोची तळी उचलू नकोस," ताई म्हणाली.

"उचलतोय. मग?"

"मग काही नाही," थोरले म्हणाले. "बाबांच्या कानावर तरी जायला नको. त्यांना काय वाटेल?"

दार कुरकुरलं आणि बाबाच आत आले. ते कधीपासून बाहेर होते कुणास ठाऊक. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. सरळ इंजिनापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या मोकळ्या भोकावर बोट फिरवलं.

"काय म्हणतेय ही?"

धाकटीच म्हणाली, "बाबा, आटे मिलिमीटरचे आहेत."

"तुझं माप चुकलं असेल."

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

बाबांनी आपला खण उघडला. त्यात प्रत्येक मापाचा एकेक जुना बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी इंची बोल्ट काढला, भोकावर टेकवला आणि बोटांनीच फिरवायला लागले. एक फेरा गेला. दुसरा जाता जाता अडला. त्यांनी तो काढला, भोक पुन्हा पुसलं, बोल्टला तेल लावलं, पुन्हा बसवला. पुन्हा तिथंच अडला. पान्याकडे त्यांचा हात गेला आणि अर्ध्या वाटेवरून मागे आला. जोर लावला तर लोखंड चिरेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मग दुसऱ्या पुडीतला मिलिमीटरचा बोल्ट काढून लावला. तो बोटाच्या नुसत्या स्पर्शानं फिरत फिरत तळाला जाऊन बसला.

"दादानं ठिगळ लावलं तेव्हा बत्ती मी धरली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चौदा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "हात भाजला होता माझा. मला वाटलं, हाताला आठवतंय."

धाकटीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही. घरात कुणी बाबांच्या खांद्यावर हात ठेवत नसे.

त्यांनी बोल्ट काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून खणात ठेवले. "जेवायला चला," ते म्हणाले. "वहिनी थांबल्यात. मी बघतो काय सांगायचं ते."

जेवण गुपचूप चाललं होतं, आणि या घरात जेवण गुपचूप होणं हेच संशयाला पुरेसं होतं. मोठीआई सगळ्यांच्या ताटांकडे बघत होती. थोरले दगडाच्या जातीबद्दल काहीबाही बोलले. ताईनं त्यांच्या हो ला हो केलं, जे तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"स्टड निघाला का गं?" मोठीआईनं विचारलं.

"निघाला," धाकटी म्हणाली.

"मग आता सगळं कळेल म्हणाली होतीस ना? नंबर वगैरे?"

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "बघितलं सगळं, वहिनी. दादाचंच आहे."

मोठीआई जेवायची थांबली. या दिराला तिनं लहानाचा मोठा केला होता. खोटं बोलताना तो ताटात बघतो, हे तिला त्याचं मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"भावजी, वर बघून सांगा."

बाबांनी मान वर केली नाही. तेव्हा मोठीआईनं धाकटीकडे तोंड फिरवलं. "तू सांग. बघितलंस ना तू?"

ताईनं टेबलाखालून धाकटीचा हात घट्ट धरला. गप्प बस, असं त्या पकडीत होतं, आणि कळवळाही होता. एका शब्दानं भागण्यासारखं होतं. हो म्हटलं की सगळे जेवायला लागले असते.

"बघितलं, मोठीआई," ती म्हणाली. "ते काकांचं नाही. वादळानंतर काही वर्षांनी बनलेलं आहे. मी दोनदा बघितलं. बाबांनीही बघितलं."

ताईनं हात सोडला.

मोठीआईच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग नव्हता. रस्त्यात कुणीतरी ओळखीचं म्हणून हाक मारावी आणि वळलेलं माणूस परकंच निघावं, तसं काहीतरी होतं. "म्हणजे त्यांचं अजून खालीच आहे," ती म्हणाली. मग ताट पुढे सारून खोलीत गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"झालं समाधान?" ताईनं धाकटीला विचारलं, आणि पर्स उचलून निघून गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. मोठीआई शेडकडे फिरकली नाही. खोलीतून जेवायला यायची, दोन घास खायची, परत जायची. ताईचे फोन येत ते बारक्याला. थोरल्यांनी दगडावर गोणपाट टाकून ठेवलं. बाबा शेडमध्ये येऊन नुसते स्टुलावर बसून राहत, आणि गिऱ्हाइकानं काही विचारलं तर म्हणत, "हिला विचारा. मला आता नीटसं कळत नाही." आपण केलं ते बरोबर केलं की नुसतं शहाणपण मिरवलं, हे धाकटीला उमगेना.

"मी हो म्हणायला हवं होतं का?" तिनं बारक्याला विचारलं.

बारक्या फळीवर रंधा मारत होता. त्यानं विचार केला. "मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं हो," तो म्हणाला. "पण म्हणून तर मोठीआईनं तुला विचारलं."

आणि मग एका दुपारी खुर्चीचे पाय फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मोठीआई दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण वेणी घट्ट घातलेली. तिनं खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, बसली आणि इंजिनाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग हे कुणाचं?" तिनं विचारलं.

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. थोरल्यांना नाही, ताईला नाही, धाकटीला स्वतःलासुद्धा नाही.

"आपोआप तर समुद्रात गेलं नसेल ना," मोठीआई म्हणाली. "ह्याच्या होडीतही कुणीतरी बसलेलं असेल. मागं त्याचं कुणी असेल. तुम्ही दोघं एवढे जाणते, आणि हे गंजत ठेवलंयत? भावजी, उठा बघू. स्टुलाला काय चिकटलाय?"

बाबा उठले. खरोखरच उठले. चष्मा पुसला आणि इंजिनाभोवती फिरायला लागले. पहिल्यांदाच ते दादाचं इंजिन नव्हे, नुसतं एक इंजिन म्हणून बघत होते. चिमणीच्या तोंडापाशी थांबले.

"हे बघितलंस का?" ते धाकटीला म्हणाले. "धुराडं डावीकडे वळवलंय. मुद्दाम कापून."

"मला वाटलं दुरुस्तीत केलं असेल."

"हो, पण का? मच्छीमार कशाला वळवेल? उतारू उजवीकडून चढतात, त्यांच्या तोंडावर धूर नको म्हणून वळवतात. ही मासे धरायची होडी नव्हे गं. तरीची नाव आहे, खाडीपार माणसं नेणारी." त्यांचा आवाज चढला होता. "आणि असं धुराडं कापणारा एकच लोहार होता. वरच्या खाडीच्या मुखाशी."

त्या संध्याकाळी बाबांनी जुन्या ओळखीच्या एकेका फिटरला फोन लावला. निम्मे हयात नव्हते, उरलेल्यांतल्या काहींना ऐकू येत नव्हतं, बाबा ओरडून बोलत आणि मोठीआई शेजारी बसून पुन्हा पुन्हा विचारी, "काय म्हणतात? काय म्हणतात?" दोन-चार दिवस असे गेल्यावर एकाला आठवलं. खाडीवरची एक तरीची नाव, दुरुस्तीला रिकामी नेत असताना बुडालेली. चालवणारा एकटाच होता. त्याची मुलगी अजून तिथंच राहते, शिवणकाम करते.

पुढचा फोन बाबा लावायला लागले तर मोठीआईनं त्यांच्या हातातून घेतला. "हे तुमचं काम नाही," ती म्हणाली, आणि फोन घेऊन आपल्या खोलीत गेली. आत ती काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "येतेय ती. बाप गेला तेव्हा पोटात होती."

ती आली त्या दिवशी सगळे पुन्हा जमले; ताईसुद्धा. पन्नाशीतली, बारीक चणीची बाई, बोटांना सुयांचे व्रण, हातात जड पिशवी. बसायला सांगितलं तर बसेना. पिशवीतून तिनं बीडाचा एक काळा गोळा काढला. इंजिनाच्या डोक्यावर बसणारा टोप. बत्तीच्या ज्योतीनं तापवून लाल केला की मग इंजिन सुरू व्हायचं, तो.

"याला चीर गेली म्हणून त्यांनी दुसरा बसवला होता म्हणे," ती म्हणाली. "हा घरी पडून राहिला. दार आपटू नये म्हणून आई हा दाराशी लावायची. मीही तेच करते. दुसरं काही नाही आमच्याकडे त्यांचं."

धाकटीनं टोप पालथा केला. कारखान्यात जोडीनं बसवलेल्या भागांवर इंजिनाचाच नंबर ठोकत. तिनं त्यावर ब्रश मारला. बाबा वाकून उभे होते, त्यांच्या मागे थोरले, बारक्या, आणि सगळ्यांना ढकलून पुढे आलेली ताई. आकडे एकामागून एक वर आले. बाबांनी ते मोठ्यानं वाचले. मग चाकाच्या कडेवरचे वाचले. तेच होते.

ताईनं डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं धाकटीचा तेलकट हात धरला. या वेळी सोडला नाही.

ती बाई इंजिनापाशी गेली, पण हात लावायला धजेना. आयुष्यभरात तिला पुष्कळांनी पुष्कळ काही सांगितलं असणार. कुणाला बाप दिसला होता, कुणाला लाकूड सापडलं होतं. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी मोठीआईकडे वळली.

"नक्की त्यांचंच आहे ना हो?" तिनं विचारलं. "म्हणजे... मी खरं मानून घेऊ ना?"

मोठीआईनं तिचा हात धरला आणि उचलून इंजिनावर ठेवला. वरून आपला ठेवला.

"घे," ती म्हणाली. "नक्की आहे. आमच्या सुनेनं बघितलंय."